'शास्त्रात लिहिलंय' म्हणायच्या आधी: जुन्या करारातले नियम कुठले पाळायचे ते ठरवायची माझी घरगुती पद्धत

जानेवारीत मी स्वतःच्या हाताने स्वतःची शोभा करून घेतली. पुतणीने टॅटू काढल्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला, फोटोत नुसतं मनगट, त्यावर पट्टीखाली काहीतरी हिरवट आणि बाजूला चहाचा कप, आणि मी गाडीत दाराशी उभा असताना एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय १९:२८ (लेवीय हे पुस्तक, अध्याय १९, वचन २८) टाइप करून पाठवलं, की अंगावर गोंदवून घेऊ नका, मी परमेश्वर आहे. तीन-चार हात जोडलेले आले. बरं वाटलं. बोरिवली यायच्या आत तिचा रिप्लाय, काका, त्याच अध्यायातलं १३वं वचन पण टाका ना, आणि मावशींचा पगार झाला का ते काकूला विचारा.

१३ काय म्हणतं, तर मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवून घेऊ नकोस. त्या दिवशी ९ तारीख होती. आमच्याकडे भांडी-फरशी करणाऱ्या मावशींनी रविवारी पुतणीसमोरच दोनदा आठवण केली होती आणि मी दोन्ही वेळा 'एटीएमला जायचं राहिलंय' म्हणालो होतो, जे खरं होतं, पण फोनवरून पैसे टाकायला एटीएम लागत नाही हे पण खरं होतं.

तर त्या दिवसापासून मी एक पद्धत लावून घेतलीय. कुणाला पटेल कुणाला नाही पटणार, मी काही चर्चचा पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही, पण रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या वेळी हाच वाद दहा वेळा ऐकलाय म्हणून लिहितोय. आपण सगळेच निवडून पाळतो, तो प्रश्न नाहीच. निवडताना आपण स्वतःला कुठे सोडून देतो ते पकडायचं कसं, त्याची ही पद्धत.

पहिलं काम, एक सुटं वचन घेऊन बसू नका, अख्खा अध्याय घ्या. सुरुवातीला लेवीय १९च घ्या, ३७ वचनं आहेत, वीस मिनिटांत होतं. पेन घ्या, आणि मोबाइलवर नको, कागदाचं पुस्तक घ्या कारण मोबाइलवर आपण पटकन पुढे सरकवतो. प्रत्येक वचनापुढे चारपैकी एक खूण करायची. पाळतो त्याला बरोबरची खूण. पाळत नाही त्याला फुली. कळत नाही त्याला प्रश्नचिन्ह. आणि चौथी खूण, ही महत्त्वाची, एक छोटा गोल, म्हणजे मी हे पाळत नाही किंवा मला हे पाळायची वेळच येत नाही पण दुसऱ्याला सुनावतो.

माझा कागद सांगतो तुम्हाला. ९ आणि १०, शेत कापताना कोपरे सोडा, द्राक्षाच्या मळ्यात पडलेली फळं गोळा करू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बोरिवलीत कसलं शेत, म्हणून आधी सरळ फुली मारली होती, त्यावर खाली बोलतो. १४, बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस. फुटपाथवर ते पिवळे खडबडीत ठोकळे असतात बघा, न दिसणाऱ्यांसाठी, त्यांच्यावर मी किती वेळा स्कूटर लावलीय, फुली. १६, चुगल्या करत फिरू नकोस, आमच्या सोसायटीचा ग्रुप आठवला आणि पुढे गेलो. २६, शकुन-अपशकुन बघू नका, इथे बरोबरची खूण करताना हात थांबला कारण मांजर आडवं गेलं की मी अजून दोन सेकंद थांबतो, कुणी बघत नसेल तर. २७, दाढीच्या कडा कापू नका. मी दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये कडाच कापून घेतो, दीडशे रुपये देऊन. २८ टॅटू, म्हणजे मी टॅटूवरून ज्या पोरीला झापलं तिथून एक ओळ वर माझीच दाढी. गोल.

३२, पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभा राहा. लोकलमध्ये सीनियर सिटिझनची राखीव सीट सोडतो, तेवढं करतो, पण चौथ्या सीटवर अर्धा लटकून बसलेलो असताना समोर आजोबा आले की मी खिडकीबाहेर बघतो हे पण तेवढंच खरं. ३३-३४, परका तुमच्या देशात राहायला आला तर त्याला छळू नका, तो तुमच्यात जन्मलेल्यासारखा, स्वतःसारखी त्याच्यावर प्रीती करा, कारण तुम्ही पण मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. हे वचन आमच्या ग्रुपवर कधी आलेलं मला आठवत नाही. टॅक्सीवाले आणि भाजीवाले ह्यांच्याबद्दलचे जोक येतात. आमचे आजोबा नगरकडून गिरणीत कामाला आले तेव्हा ते पण इथे परकेच होते म्हणा. ३५-३६, मापात पाप करू नका, तराजू खरा ठेवा. हे वाचून मला आधी रिक्षाचा मीटर आठवला, मग ऑफिसमध्ये मी टॅक्सीची बिलं कशी लावतो ते आठवलं.

आणि २० ते २२ मध्ये गुलाम बाईबद्दल जे लिहिलंय ते वाचून पोटात ढवळतं. ते पण वाचायचं. सोडून नाही द्यायचं. तिथे मी प्रश्नचिन्ह नाही, फुलीच मारलीय, आणि ती फुली मी कशाच्या आधारावर मारली हे स्वतःला विचारलं तर उत्तर निघालं की १८व्या वचनाच्या, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ते पण ह्याच अध्यायात आहे, दोन ओळी वर.

आता कुणीतरी म्हणेल की अरे हे सोपं आहे, नैतिक नियम राहिले, विधींचे आणि राज्यकारभाराचे गेले. हे तीन कप्पे जुने आहेत, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मांडलेत, नंतर प्रोटेस्टंट लोकांनी पण घेतले, आणि कामाचे आहेत, मी टिंगल नाही करत. पण मूळ पुस्तकात हे लेबल लावलेलं नाहीये. १८ मध्ये शेजाऱ्यावर प्रीती आणि लगेच १९ मध्ये शेतात दोन जातींचं बी पेरू नकोस, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नकोस, मध्ये साधी रिकामी ओळ पण नाही. म्हणजे कप्पे आपण करतो. करा, पण कपाट आपण लावलंय हे विसरू नका, नाहीतर होतं काय की जे आपल्याला जड जातं ते बरोबर 'विधी'च्या कप्प्यात जाऊन पडतं आणि जे शेजाऱ्याला जड जातं ते 'नैतिक'मध्ये.

दुसरं काम, वचनात नेमकं काय आहे ते बघा, आपल्याला काय वाटतं ते नाही. धर्माची खिल्ली उडवणारे पण इथे गंडतात. 'तू कॉटन-पॉलिस्टरचा शर्ट घालतोस म्हणजे तू पण नियम मोडतोस' हे सगळ्यांचं आवडतं वाक्य, पण अनुवाद २२:११ उघडा ('अनुवाद' हे जुन्या करारातल्याच एका पुस्तकाचं नाव), तिथे लोकर आणि ताग म्हटलंय, म्हणजे आजच्या भाषेत लिनन. यहुदी लोक आजही ह्याच दोघांच्या मिश्रणापुरता हा नियम धरतात, कॉटन-पॉलिस्टर चालतं त्यांना. मुंबईच्या उकाड्यात लोकर घालतंय कोण, त्यामुळे आपण सगळे नकळत हा नियम पाळतोय. किंवा ५०व्या वर्षीचा योबेल घ्या, लेवीय २५, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. रिडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या माझ्या एका मित्राला हे ऐकून फार आनंद झाला होता, मग मी त्याला २९ आणि ३० वाचून दाखवलं, तटबंदी असलेल्या शहरातलं घर एका वर्षात सोडवून घेतलं नाही तर ते घेणाऱ्याचं कायमचं, योबेलमध्ये पण परत नाही. शहरात राहणाऱ्यांचं तेव्हापासून असंच आहे.

भाषांतरं दोन तरी समोर ठेवा. आपल्याकडे बायबल सोसायटीचं तर घरोघर असतंच, आणि पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलंय, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत त्या त्याच कामात होत्या. दोन भाषांतरांत शब्द वेगळा दिसला की समजायचं इथे काहीतरी गाठ आहे, इथे घाईने स्टेटस ठेवायचं नाही.

तिसरं, आणि हे आपण ख्रिस्ती लोक जवळजवळ कधीच करत नाही, ज्यांचा हा नियम आहे त्यांना, म्हणजे यहुदी लोकांना विचारा. मुंबईत तर ह्यासाठी परदेशात जायची पण गरज नाही, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, आपल्याच भाषेत बोलतात, आडनावं पेणकर, रोहेकर, मसजिद बंदरच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये स्थापन झालेलं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. त्यांच्यात एक गोष्ट सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी बाहेरून कोकणात आला, हे लोक आपलेच का ते बघायला त्याने बायकांना मासळी शिजवायला दिली, आणि त्यांनी खवलं आणि पंख असलेलीच तेवढी, म्हणजे यहुदी नियमात चालणारीच, निवडून घेतली. इतिहास किती आणि कथा किती ते सोडा, पण नियम टिकतो कसा ते त्यात दिसतं. पुस्तक जवळ नसताना बाईच्या हाताला माहीत होतं कुठला मासा घ्यायचा.

माझा एक शाळेतला बेने इस्राएली मित्र ठाण्याचा, त्याच्या आईबरोबर मी एकदा मासळी बाजारात गेलो होतो. पापलेट घेतलं, रावस बघितला, भाव ऐकून ठेवला. कोळंबीच्या टोपलीपाशी माझे पाय थांबले, कोळीण म्हणाली घे ना ताई ताजी आहे, त्या नुसत्या हसल्या. चिंबोरी, तिसऱ्या, माकुल, मुशी, सगळं बाद. मी विचारलं काकू कधी खाविशी वाटत नाही का, तर म्हणाल्या, वास छान येतो रे, पण ते आमचं नाही. कोळणीला पाप लागेल असं नाही म्हणाल्या, मला पण नाही म्हणाल्या, उलट माझ्यासाठी पाव किलो घे म्हणाल्या. 'आमचं नाही' हे दोन शब्द मला फार उपयोगी पडलेत नंतर.

आणि त्यांच्यात सुद्धा सगळं जसंच्या तसं पाळतात असं अजिबात नाहीये. ६१३ आज्ञा मोजतात, २४८ करायच्या आणि ३६५ टाळायच्या, पण त्यातल्या कितीतरी मंदिराशी आणि अर्पणांशी बांधलेल्या आणि यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, म्हणजे त्या आज पाळताच येत नाहीत. सातव्या वर्षी कर्ज माफ करायचं असं अनुवाद १५ मध्ये आहे, आणि तिथेच बजावलंय की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नकोस. पण लोक नेमकं तेच करायला लागले, मग हिल्लेल नावाच्या गुरूने प्रोझबूल नावाचा दस्तऐवज काढला, कर्ज कोर्टाच्या नावे करायचं म्हणजे ते बुडत नाही आणि गरिबाला उसने मिळत राहतात. पळवाट म्हणा हवं तर. पण पळवाट कुणासाठी काढली ते बघा, उधार मागणाऱ्याचं दार बंद होऊ नये म्हणून. हट्टी मुलाला दगडांनी मारा असं अनुवाद २१ मध्ये आहे, त्यावर तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, अटी लावून लावून शेवटी एक मत असं आलंय की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणार पण नाही, मग लिहिलं कशाला, तर अभ्यास करा आणि त्याचं फळ घ्या. म्हणजे ज्यांच्या हातात हे पुस्तक आपल्या आधीपासून आहे त्यांनी दगड उचलायच्या आधी केवढा विचार केलाय, आणि आपण ट्रेनमधून एका हाताने टाइप करतो.

आता ख्रिस्ती लोकांसाठी चौथं काम, नव्या करारात ह्याचं काय झालं ते बघा, पण तिथेही सोयीने नाही. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये येशूचा शिष्य पेत्र ह्याला चादरीत सगळे प्राणी दिसतात आणि मारून खा असं सांगितलं जातं, १५ मध्ये यरुशलेमला बैठक होते, बिगर-यहुदी माणसाने सुंता करायला पाहिजे का वगैरे, आणि ठरतं की चारच गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, आणि जारकर्म. छान, झिंगे सुटले. पण रक्त? नाताळात वसईपासून वांद्र्यापर्यंत सरपटेल शिजतं आणि जुन्या पद्धतीने करणाऱ्या घरांत त्यात डुकराचं रक्त पडतं, आणि मी दोन वाट्या खातो, आणि ही नव्या करारातली आज्ञा आहे, जुनी म्हणून उडवता येत नाही. माझ्या कागदावर तिथे फुली आहे आणि कारणाच्या जागी 'चव' एवढंच लिहिलंय.

मूर्तीला वाहिलेलं हा तर मुंबईत दर भाद्रपदातला प्रश्न. आमच्या चाळीत समोरच्या काकू दीड दिवसाचा गणपती बसवायच्या, ताट घेऊन यायच्या, मोदक आणि वर झाकलेला रुमाल. आई दोन्ही हातांनी ताट घ्यायची. बाबा खायचे नाहीत, पण काकूंच्या तोंडावर कधी नाही म्हणाले नाहीत. आम्ही पोरं खायचो. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून आई त्यात साखर घालायची, आणि नाताळात तेच ताट करंज्यांनी भरून जायचं. प्रेषित पौलाने नव्या करारातल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ८ आणि १० ह्या अध्यायांत ह्यावर बरंच लिहिलंय, मूर्ती म्हणजे काहीच नाही, पण तुझ्या खाण्याने दुर्बळ भावाला ठेच लागणार असेल तर खाऊ नकोस. आई-बाबांनी तो अध्याय आपापल्या परीने वाचला होता आणि एकाच टेबलावर दोन उत्तरं होती, भांडण कधी झालं नाही. तुमच्या घरात पण दोन उत्तरं असतील तर राहू द्या.

पाचवं काम मला सगळ्यात आवडतं. नियम कशासाठी होता ते शोधा आणि तुमच्या इमारतीत त्याचं काय होतं ते बघा. अनुवाद २२:८, नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कुणी पडून रक्ताचा दोष तुझ्या घरावर यायला नको. आमच्याकडे पोरगी रांगायला लागली तेव्हा खिडकीला ग्रिल बसवलं तोच तो कठडा, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या दुरुस्तीला पैसे द्यायला मी कुरकुर केली तो कठडा मोडणं. त्याच अध्यायात ६ आणि ७, घरट्यात पिल्लांवर किंवा अंड्यांवर आई बसलेली दिसली तर आईला पिल्लांसकट घेऊ नकोस, आईला जाऊ दे. आमच्या एसीच्या मागे कबुतराने काड्या जमवून दोन अंडी घातली तेव्हा बायको म्हणाली ती मोठी होऊन उडेपर्यंत एसीवाल्याला बोलवायचं नाही. दीड-दोन महिने पंख्यावर काढले, त्यात मे महिना होता. कबुतरं मला आवडत नाहीत हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि ती शेताच्या कोपऱ्याची फुली. ती मी खोडली. आमच्या शेतात बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि पेपर पिकतात. आधी मी महिनाअखेर रद्दीवाल्याशी किलोमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालायचो. आता सुका कचरा धुवून-पुसून वेगळा ठेवतो आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईच नेतात, त्या विकतात, मी मोजत नाही. 'पडलेली फळं गोळा करू नका' ह्याला बोरिवलीत ह्याच्या जवळचं दुसरं काही मला सापडलं नाही. ओला-सुका एकत्र करून देणं म्हणजे कोपरा सोडणं नाही, त्यांना तो हाताने उपसावा लागतो, म्हणून धुवून.

ह्या पाचव्या कामात एक धोका आहे, 'उद्देश' शोधता शोधता माणूस नियम गायब करून टाकतो. व्याजाचं तसं झालंय. निर्गम २२, लेवीय २५, अनुवाद २३, तीन ठिकाणी सांगितलंय की आपल्या गरजू भावाकडून व्याज घेऊ नकोस, चर्चने पण कित्येक शतकं ते पाप धरलं, आणि आज माझी एफडी आहे, ईएमआय आहे, आणि कुणाला काही वाटत नाही. मला पण नाही वाटत. पण चुलत भावाला आजारपणात दिलेल्या पैशांवर 'बँकेइतकं तरी दे' म्हणालो होतो, ते मात्र सरळ ह्या वचनात बसतं, तिथे उद्देश शोधायची गरजच नव्हती.

शेवटचं काम, वचन फॉरवर्ड करायच्या आधी शिक्षा पण वाचा. लेवीय १८:२२ घ्या, पुरुषाने पुरुषाशी संग करू नये, आमच्याकडे मंडळीतल्या एका पोराबद्दल कुजबुज सुरू झाली तेव्हा हे वचन चहापेक्षा जास्त वाटलं गेलं. त्याच गोष्टीची शिक्षा २०:१३ मध्ये आहे, मृत्युदंड. व्यभिचाराला पण तीच, २०:१०, आईबापाला शाप देणाऱ्याला पण, २०:९. वचन वाटणाऱ्यांपैकी एकालाही ती शिक्षा नको होती, विचारलं तर कानावर हात ठेवले. म्हणजे त्यांनी पण निवडलंच ना, वचन ठेवलं आणि शिक्षा सोडली, का सोडली ते सांगता येत नव्हतं एवढंच. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ मधून प्रौढांनी संमतीने ठेवलेले संबंध वगळले, कायद्याचं तिथे संपलं, पण त्या पोराने आमच्याकडे यायचं बंद केलं ते केलंच. तेव्हा मी पण चहा पीत तिथेच उभा होतो. लेवीय १९च्या १६व्या, चुगल्यांच्या वचनापुढे नंतर मी खूण बदलली.

टॅटूचं राहिलं. मी सगळं व्यवस्थित वाचल्यावर पुतणीला फोन केला, सॉरी म्हणालो, मावशींचे पैसे त्याच रात्री टाकले ते सांगितलं, आता १ तारखेचा रिमाइंडर लावलाय. आणि मोठ्या उदार मनाने तिला म्हणालो, बघ, त्या वचनात मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करू नका असं पण आहे, म्हणजे ते शोक करायच्या तेव्हाच्या पद्धतीबद्दल असावं, तुझा तर नुसता डिझाइनचा टॅटू, तुला नाही लागू.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, काका तुम्ही फोटो झूम करून बघितलाच नाही ना.

आमच्या आजीच्या मनगटावर गोंदण होतं, पाच ठिपके आणि छोटीशी तुळस, बाप्तिस्मा व्हायच्या आधीचं, लहानपणी गावाकडे गोंदणारणीने केलेलं. आजी आयुष्यभर चर्चला जाताना पदर त्यावर ओढून घ्यायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. पोरीने जुन्या फोटोवरून ती तुळस जशीच्या तशी काढून घेतलीय, त्याच हातावर.

२८ पुढे मी गोल खोडून प्रश्नचिन्ह केलंय, पेन्सिलने.